मोटारीखाली निजण्यापूर्वी

दिवाळीत आपण घराचा कानाकोपरा झाडतो. पण दारातल्या मोटारीचे पोट कोण पाहतो? इंजिनाचे तेल घरी बदलायचे तर खाली शिरावे लागते. कित्येक गृहस्थ नुसत्या जॅकवर गाडी उचलून शिरतात. हा जिवाशी खेळ आहे! जॅक चाक बदलण्यापुरता. खाली निजायचे तर पुढची चाके लोखंडी रॅम्पच्या जोडीवर चढवावीत.

बीडकरांनी मात्र आधी जमीन पाहावी. आपली काळी माती पावसाने फुगते, उन्हाने भेगाळते. दिवाळीत ती वरून सुकलेली, आतून ओली असू शकते. इंजिन पुढे असलेल्या गाडीचा सहसा जास्त भार पुढच्या चाकांवर. एक रॅम्प खचला, की गाडी कलंडलीच! म्हणून जागा सपाट, फरशीची किंवा काँक्रीटची हवी. चढवताना घरातल्या कुणीतरी बाजूला उभे राहून खूण करावी. मग पहिला गिअर, हँडब्रेक आणि मागच्या चाकांमागे लाकडी ठोकळे. गाडी हलवून पाहावी. डगमगली नाही, तरच खाली शिरावे.

नव्या तेलाची पातळी गाडी सपाटीवर उतरवूनच मोजावी. जुने तेल डब्यात भरून गॅरेजात द्यावे. पाण्यासाठी तळमळणाऱ्या जिल्ह्यात ते विहिरीजवळ ओतणे पाप आहे.

मजुरी वाचते, हे खरे. पण घरचा माणूस फराळाला धडधाकट बसला, हीच खरी बचत!