अर्धशिशी : डोक्यातल्या शिरा फुगल्यामुळे डोकं दुखतं का?



मार्चमध्ये जाफराबादला ऊन तापायला लागलं की वर्गातलं एखादं लेकरू म्हणतंच, "सर, डोकं ठणकतंय." चौथीतल्या एका मुलीला मी दोनदा "नाटकं करू नको" म्हणून बसवून ठेवलं. तिसऱ्या वेळी तिला उलटी झाली. पुढे डॉक्टरांनी सांगितलं, ही अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन. चूक माझी होती, म्हणून हा लेख.

जुनं उत्तर
आपल्याकडे डोकं दुखलं की कपाळाला फडकं गच्च बांधतात. कानशिलाची शीर दाबली की थोडं बरं वाटतं. अमेरिकेतले डॉ. हॅरॉल्ड वुल्फ यांनी नेमकी हीच शीर तपासली. 1938 मध्ये त्यांनी व ग्रॅहम यांनी दाखवलं की, अर्गोटामिन दिल्यावर तिचं उडणं कमी होतं आणि ठणकाही उतरतो. त्यावरून मत रूढ झालं : रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून डोकं दुखतं.

आज काय कळलं?
2013 मध्ये कोपनहेगनच्या संशोधकांनी ऐन दुखण्यात रुग्णांचे स्कॅन केले. कवटीबाहेरच्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या नव्हत्या. आतल्या थोड्याच रुंदावल्या होत्या. औषधाने दुखणं कमी झालं, तरी आतल्या वाहिन्या तशाच राहिल्या!

मग दुखतं कशामुळे? मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. पण त्याच्या आवरणातल्या रक्तवाहिन्यांभोवती ट्रायजेमिनल नसेचे तंतू असतात. ते चेतले की सीजीआरपी नावाचं रसायन सोडतात. त्याने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि वेदनेचा मार्गही हळवा होतो. घंटा वाजते म्हणून मुलं मैदानात येतात. मुलं आली म्हणून घंटा वाजत नाही. इथे घंटा म्हणजे नस, आणि मुलं म्हणजे रक्तवाहिन्या. म्हणून 2018 पासून सीजीआरपीलाच अडवणारी इंजेक्शनं मोठ्यांसाठी आली आहेत.

आपण काय करायचं?
- लहान मुलांत दोन्ही बाजूंनीही दुखू शकतं. उजेड-आवाज नकोसा होणं, मळमळणं या खुणा ओळखा.
- उपाशीपोटी शाळेत येणं, अपुरी झोप, ऊन, कमी पाणी यांनी त्रास सुरू होऊ शकतो. पालकांनी तारीख, वेळ, खाणं वहीत लिहून ठेवावं.
- त्रास झाला की शांत, अंधाऱ्या जागी झोपू द्या. मनाने गोळी देऊ नका.
- तापासोबत मान आखडली, डोक्याला मार लागला, झटका आला किंवा अचानक असह्य दुखलं, तर लगेच दवाखाना गाठा.

डोकेदुखी बाहेरून दिसत नाही. म्हणून लेकराच्या सांगण्यावर आधी विश्वास ठेवू या, अभ्यास नंतरही होईल.