व्हर्माँट राज्यातील कार्यकारी पदांच्या निवडणुका

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या ईशान्य भागातील व्हर्माँट या घटक राज्यात गव्हर्नर व अन्य पाच कार्यकारी पदाधिकारी यांची, संपूर्ण राज्य हा एकच मतदारसंघ मानून, दर दोन वर्षांनी होणारी प्रत्यक्ष निवड. सुमारे २४,९०० चौ. किमी. क्षेत्रफळाच्या व ६,४३,०७७ (२०२०) लोकसंख्येच्या या राज्यातून काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात एकच सदस्य जातो. त्याची राजधानी माँटपीलिअर ही देशातील सर्व घटक राज्यांच्या राजधान्यांत लोकसंख्येने सर्वांत लहान आहे. असे असूनही येथील निवडणूकपद्धती दोन कारणांनी लक्षणीय ठरते. पहिले म्हणजे गव्हर्नराची अवघी दोन वर्षांची मुदत. ती आता व्हर्माँट व शेजारचे न्यू हँपशर या दोनच राज्यांत उरली आहे. दुसरे म्हणजे, कोणत्याही उमेदवारास निम्म्याहून अधिक मते न मिळाल्यास अंतिम निवड विधिमंडळाने करावी, ही राज्यघटनेतील तरतूद. अशा वेळी विधिमंडळाने मतदारांचा कौल केवळ नोंदवावयाचा की स्वतःचा निर्णय द्यावयाचा, हा प्रश्न दोन शतकांहून अधिक काळ पुनःपुन्हा उपस्थित झाला आहे.

गव्हर्नर, उपगव्हर्नर, कोषाध्यक्ष, राज्यसचिव, लेखापरीक्षक व महाधिवक्ता ही ती सहा पदे होत. येथील गव्हर्नर हा भारतातील राज्यपालाप्रमाणे केंद्राने नेमलेला नसून लोकांनी निवडलेला प्रत्यक्ष कार्यकारी प्रमुख असतो. उपगव्हर्नर सीनेटचे अध्यक्षपद भूषवितो आणि गव्हर्नरपद रिक्त झाल्यास ते धारण करतो. पहिली तीन पदे मूळ घटनेच्या परंपरेतील असून निम्म्याहून अधिक मतांची अट त्यांनाच लागू आहे. राज्यसचिव पूर्वी विधिमंडळाकडून निवडला जाई. १८८३ च्या घटनादुरुस्तीनंतर ती निवड मतदारांकडे आली. महाधिवक्त्याचे पद १९०४ मध्ये कायद्याने निर्माण झाले. प्रत्येक पदासाठी स्वतंत्र मतदान होत असल्याने गव्हर्नर एका पक्षाचा व उपगव्हर्नर दुसऱ्या पक्षाचा, अशी स्थिती येथे वारंवार आढळते. मतदारांनाही तीत काही विपरीत वाटत नाही.

या पद्धतीचे मूळ व्हर्माँटच्या स्वतंत्र अस्तित्वाच्या काळात आहे. न्यूयॉर्क व न्यू हँपशर यांच्या परस्परविरोधी भूमिहक्कांच्या वादातून व्हर्माँटने १७७७ मध्ये स्वतःस स्वतंत्र घोषित केले. त्याच वर्षी जुलैमध्ये विंझर येथे त्याची घटना संमत झाली. १७९१ मध्ये ते चौदावे राज्य म्हणून संघराज्यात सामील झाले. राजाने नेमलेल्या गव्हर्नरांचा अनुभव ताजा असल्याने घटनाकारांनी कार्यकारी सत्तेवर अंकुश ठेवला. गव्हर्नराची मुदत एकच वर्ष होती व त्याच्या सोबतीस बारा सदस्यांचे कार्यकारी मंडळ होते. १८३६ मध्ये या मंडळाची जागा सीनेटने घेतली आणि १८७० मध्ये मुदत दोन वर्षे झाली. मुदत चार वर्षांची करण्याचे प्रयत्न त्यानंतर वेळोवेळी झाले; परंतु ते सिद्धीस गेले नाहीत.

विधिमंडळाकडून होणाऱ्या निवडीची रीत साधी आहे. जानेवारीत प्रतिनिधिगृहाचे १५० व सीनेटचे ३० सदस्य संयुक्त बैठकीत एकत्र येतात आणि सर्वाधिक मते मिळविणाऱ्या तीन उमेदवारांपैकी एकाची गुप्त मतदानाने निवड करतात. प्रथम क्रमांकाच्या उमेदवारासच मत द्यावे, असे बंधन घटनेने घातलेले नाही. या मोकळिकीचा वापर फार लवकर झाला. १७८९ मध्ये राज्याचा संस्थापक गव्हर्नर टॉमस चिटेंडन यास सर्वाधिक मते मिळाली. परंतु एका जमीनदान-प्रकरणामुळे त्याच्यावर टीका होत होती आणि विधिमंडळाने मोझेस रॉबिन्सन यास निवडले. पुढील वर्षी मतदारांनी चिटेंडनला पुन्हा अधिकारावर आणले. एक वर्षाच्या मुदतीचा हा गुण की अशा निर्णयावर लोकांचा अभिप्राय विनाविलंब कळे. १८३५ मध्ये तर विधिमंडळात ६३ वेळा मतदान होऊनही गव्हर्नर निवडला गेला नाही. तेव्हा लोकांनी रीतसर निवडलेला उपगव्हर्नर सायलस जेनिसन यानेच त्या वर्षी कारभार पाहिला. १८५३ मध्ये मद्यबंदीच्या कायद्यास संमती देणारा व्हिग पक्षाचा गव्हर्नर इरॅस्टस फेअरबँक्स मतांत पहिला आला. तथापि गुलामगिरीविरोधी गटाच्या सदस्यांनी डेमोक्रॅटिक पक्षाशी हातमिळवणी केल्याने जॉन एस. रॉबिन्सन याची निवड झाली. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे या राज्यात दुसरा डेमोक्रॅट गव्हर्नर झाला नाही.

रिपब्लिकन पक्षाच्या स्थापनेनंतर व्हर्माँट त्या पक्षाचा बालेकिल्ला बनले आणि १९६२ पर्यंत गव्हर्नरपद त्याच्याकडेच राहिले. अर्थात खरी निवड मतदानापूर्वीच पक्षाच्या बैठकीत होई. या काळात ‘पर्वतनियम’ या नावाने ओळखला जाणारा एक अलिखित संकेत पाळला जात असे. ग्रीन मौंटन्स ही पर्वतरांग राज्याच्या मध्यातून उत्तर-दक्षिण गेली आहे. तिच्या पूर्वेकडील कनेक्टिकट नदीचे खोरे व पश्चिमेकडील शँप्लेन सरोवराचा प्रदेश यांतून आळीपाळीने गव्हर्नर निवडावयाचा, त्याने साधारणतः एकाच द्विवार्षिक मुदतीनंतर निवृत्त व्हावयाचे आणि संघराज्याच्या सीनेटमधील दोन जागाही दोन्ही बाजूंस एकेक द्यावयाच्या, असा हा संकेत होता. त्यामुळे पक्षांतर्गत कलह टळला व दोन्ही भागांना सत्तेचा वाटा मिळाला. परंतु नेतृत्व पायरीपायरीने वर चढणाऱ्या ठराविक मंडळींपुरते मर्यादित राहिले, हेही तितकेच खरे. १९१६ पासून उमेदवार ठरविण्यासाठी मतदारांच्या प्राथमिक निवडणुका सुरू झाल्या आणि संकेताची पकड सैल होऊ लागली. नोव्हेंबर १९२७ च्या महापुरात खुद्द उपगव्हर्नर हॉलिस्टर जॅक्सन मृत्युमुखी पडला. पुनर्बांधणीचे काम अर्धवट राहू नये म्हणून १९२८ मध्ये गव्हर्नर जॉन वीक्स यास दुसरी मुदत देण्यात आली. १९४६ मध्ये अर्नेस्ट गिब्सन याने प्राथमिक निवडणुकीत अधिकारारूढ गव्हर्नर मॉर्टिमर प्रॉक्टर यास पराभूत केले, तेव्हा जुन्या उत्तराधिकारक्रमाला उघड आव्हान मिळाले. याच पक्षाची कन्स्वेलो बेली ही १९५४ मध्ये उपगव्हर्नर झाली. देशातील कोणत्याही राज्यात या पदावर निवडून आलेली ती पहिली स्त्री होय.

१९६२ मध्ये फिलिप हॉफ या डेमोक्रॅटने गव्हर्नर रे कायझर याचा निसटता पराभव केला. त्यानंतर दोन्ही पक्ष या पदावर आलटून पालटून येत राहिले. तथापि अधिकारावर असलेला एकही गव्हर्नर कायझरनंतर २०२४ पर्यंतच्या निवडणुकांत पराभूत झालेला नाही. पक्षबदल झाला तो गव्हर्नराच्या निवृत्तीमुळे वा मृत्यूमुळे. दोन वर्षांची मुदत उत्तरदायित्वासाठी आवश्यक आहे, असे तिचे समर्थक म्हणतात. पण तिच्यामुळे सत्ताधाऱ्यास घरी पाठविण्याचे प्रसंग वाढले, असे दिसत नाही. उलट हॉवर्ड डीन याने अकरा वर्षांहून अधिक काळ कारभार केला. ऑगस्ट १९९१ मध्ये रिपब्लिकन गव्हर्नर रिचर्ड स्नेलिंग याचे आकस्मिक निधन झाले, त्या वेळी डेमोक्रॅट उपगव्हर्नर व पेशाने डॉक्टर असलेला डीन आपल्या दवाखान्यात रुग्ण तपासत होता. स्वतंत्र मतदानाच्या पद्धतीमुळे राज्याची सत्ता त्या दिवशी एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेली आणि तीबद्दल फारशी कुरबूर झाली नाही.

दुरंगी लढतींत विधिमंडळाचा अधिकार सहसा सुप्त राहतो. परंतु १९७० नंतर लहान पक्ष व अपक्ष यांचे बळ वाढल्याने तो पुन्हा वापरात आला. १९७६ मध्ये उपगव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅट जॉन ऑल्डन प्रथम आला असताही विधिमंडळाने रिपब्लिकन गॅरी बकली यास निवडले. मतांचा क्रम डावलला गेल्याचे हे अलीकडील काळातील एकमेव उदाहरण होय. राज्याची पहिली स्त्री-गव्हर्नर मॅडलिन क्यूनिन हिची १९८६ च्या लढतीनंतरची फेरनिवड विधिमंडळानेच केली. त्या लढतीत बर्नी सँडर्स हा अपक्ष तिसरा उमेदवार होता. २००० मध्ये समलिंगी जोडप्यांना नागरी सहजीवनाचा दर्जा देणाऱ्या कायद्यामुळे राज्यात तीव्र मतभेद झाले होते. डीनने निम्म्या मतांची मर्यादा जेमतेम ओलांडली. त्याच निवडणुकीत प्रतिनिधिगृहात रिपब्लिकन पक्षास बहुमत मिळाले होते. त्यामुळे थोडी मते कमी पडती, तर निर्णय विरोधकांच्या हाती जाण्याचा संभव होता. २००२ मध्ये जिम डग्लस यास सु. ४५ टक्के मते मिळाली. प्रतिस्पर्धी डग रसीन याने पराभव मान्य केल्याने विधिमंडळातील निवड औपचारिक ठरली.

२०१४ चा प्रसंग असा सोपा नव्हता. गव्हर्नर पीटर शमलिन व रिपब्लिकन स्कॉट मिल्न यांच्या मतांतील अंतर केवळ २,४३४ होते. मिल्नने माघार घेतली नाही. प्रत्येक सदस्याने आपल्या मतदारसंघाने ज्यास अधिक मते दिली त्यालाच मत द्यावे, असा त्याचा आग्रह होता. जानेवारी २०१५ मध्ये शमलिन ११० विरुद्ध ६९ मतांनी निवडून आला. या वादात तीन भूमिका स्पष्ट झाल्या : राज्यातील सर्वाधिक मतांचा आदर करावा, मतदारसंघाचा कौल प्रमाण मानावा किंवा सदस्याने स्वतःच्या विवेकास अनुसरावे. यांपैकी कोणतीही भूमिका घटनाबाह्य नाही. परंतु मतदान गुप्त असल्याने सदस्याने कोणती भूमिका घेतली, हे मतदारास ताडून पाहता येत नाही. पद्धतीतील खरे वैगुण्य हे आहे. मतदारसंघांचा कौल निर्णायक मानल्यास राज्यव्यापी मतदानाचा अर्थच बदलतो, हा आक्षेपही सबळ आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये उपगव्हर्नरपदासाठी रिपब्लिकन जॉन रॉजर्स हा अधिकारारूढ डेव्हिड झुकरमन याच्या थोडा पुढे होता. निम्मी मते दोघांनाही नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये डेमोक्रॅट बहुमत असलेल्या विधिमंडळाने रॉजर्सला मोठ्या बहुमताने निवडले. पक्षाहून क्रमास मान देण्याचा संकेत त्यामुळे अधिक दृढ झाला. परंतु तो संकेतच आहे, नियम नव्हे.

पसंतिक्रमाच्या मतदानाने हा पेच टाळता येईल, अशी एक सूचना आहे. बर्लिंग्टन शहराने महापौराच्या २००६ व २००९ च्या निवडणुकांत ही पद्धत वापरली व २०१० मध्ये रद्द केली. राज्यस्तरावर मूळ तरतूद बदलावयाची तर सीनेटने दर चार वर्षांतून एकदाच मिळणाऱ्या संधीत दोनतृतीयांश मतांनी प्रस्ताव करणे, दोन लागोपाठच्या विधिमंडळांनी तो संमत करणे आणि नंतर जनतेने त्यास अनुमती देणे, ही सर्व सोपाने ओलांडावी लागतात.

निवडणुकांचे प्रत्यक्ष काम गावोगावचे लोकनियुक्त नगरलिपिक पाहतात. मतदाराची पक्षनिहाय नोंदणी होत नाही. ऑगस्टमधील प्राथमिक निवडणुकीत त्याला प्रमुख पक्षांच्या मतपत्रिका मिळतात व त्यांपैकी एकच तो वापरतो. एकाच उमेदवारास एकाहून अधिक पक्षांची उमेदवारी घेता येते. प्रोग्रेसिव्ह पक्ष व डेमोक्रॅटिक पक्ष यांची अनेक पदांसाठी अशी संयुक्त उमेदवारी आढळते. २०२१ च्या कायद्यान्वये सार्वत्रिक निवडणुकीत सर्व सक्रिय मतदारांना टपालाने मतपत्रिका पाठविण्यात येतात. पक्षनिष्ठेपेक्षा व्यक्तीकडे पाहून मत देण्याची प्रवृत्ती येथे प्रबळ आहे. अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षास मोठे मताधिक्य देणाऱ्या मतदारांनीच रिपब्लिकन फिल स्कॉट यास २०१६ ते २०२४ या काळात पाच वेळा गव्हर्नर केले. उमेदवारीसाठी घटनेने राज्यातील चार वर्षांच्या वास्तव्याची अट घातली आहे; वयाचा उल्लेख मात्र केलेला नाही. या मोकळिकीचा लाभ घेऊन २०१८ मध्ये एका चौदा वर्षांच्या मुलाने डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक लढविली. स्वतःस मत देण्याचा अधिकार मात्र त्यास नव्हता.