विजेच्या मोटारीशी संवाद

विजेवर चालणारी मोटार निवडताना किंमत व पल्ला यांच्या बरोबरीने तिच्याशी संवाद कसा साधता येतो, हेही तपासावे, असे आम्हांस वाटते. हा संवाद तीन मार्गांनी होतो.

मोबाइल ॲप घरबसल्या बॅटरीतील चार्ज दाखवते, उन्हात उभी गाडी आधीच थंड करून ठेवते. मात्र त्यास इंटरनेट लागते.

नकाशांत भेद मोठा आहे. फोनवरील साधा नकाशा रस्ता दाखवतो. बॅटरीत चार्ज किती उरला, हे त्यास सहसा ठाऊक नसते. टेस्लाचा अंगभूत नकाशा तो चार्ज पाहून वाटेतील थांबे ठरवतो आणि जलद चार्जरकडे जात असतानाच बॅटरी योग्य तापमानावर आणतो.

तिसरा मार्ग वाणीचा. २०२३ साली टाटांच्या नेक्सॉन ईव्ही मॅक्समध्ये इंग्रजी, हिंदी, बंगाली, तमिळ, तेलुगू यांसोबत मराठीतूनही आज्ञा देण्याची सोय आली. इंग्रजी शिकण्याची संधी ज्यांना नाकारली गेली, त्यांचेही यंत्राने ऐकावे, ही गोष्ट आम्ही लहान मानत नाही. परंतु छापील मराठी समजणे वेगळे आणि आपली बोली समजणे वेगळे. म्हणून खरेदीपूर्वी घरातील वडीलधाऱ्यांना गाडीत बसवावे आणि त्यांच्याच बोलीत आज्ञा देऊ द्यावी.