लोहाची कणगी

"डॉक्टर, रक्त भरलं की! आता गोळ्या कशाला?" आमच्या दवाखान्यात हा प्रश्न नेहमीचाच. अशाच एका बाईंचे हिमोग्लोबिन आठवरून बारावर आले आणि त्यांनी आपल्या मनानेच लोहाच्या गोळ्या बंद केल्या. सहा महिन्यांनी जिना चढताना धाप लागते म्हणून परत आल्या, तेव्हा हिमोग्लोबिन नऊ!

चूक कोठे झाली? रक्त भरले होते, पण कणगी रिकामीच होती.

ही कणगी म्हणजे फेरिटिन नावाचे प्रथिन. १९३७ साली लाउफबर्गर या चेक शास्त्रज्ञाने ते घोड्याच्या प्लीहेतून वेगळे केले. प्रथिनाचे चोवीस तुकडे जुळून एक पोकळ चेंडू तयार होतो. त्यात लोहाचे सुमारे साडेचार हजार अणू मावतात. जेथे तीन-तीन तुकडे मिळतात तेथे एक अरुंद वाट असते. अशा वाटा आठ. वाटेच्या कडेला ऋण विद्युतभार आणि लोहावर धन भार, त्यामुळे लोह आपोआप आत ओढले जाते. आत त्याचे गंजासारखे कण बनून साठतात. एवढा बंदोबस्त का? कारण मोकळे लोह पेशींना घातक असते. गरज पडली की पेशी ही कणगी फोडून लोह वापरते.

गोळ्या सुरू केल्यावर शरीर आधी रक्तातली तूट भरून काढते, कणगी मागाहून भरते. म्हणून हिमोग्लोबिन सुधारल्यावरही साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्यात. साठा कळण्यासाठी रक्तातील फेरिटिन तपासतात. निरोगी प्रौढात ते लिटरला १५ मायक्रोग्रॅमच्या खाली गेले, तर कणगी रिकामी समजावी. मात्र ताप, सूज असताना हा आकडा फुगतो, हे ध्यानात ठेवावे.

जेवणाबरोबर व गोळीबरोबर चहा टाळा. लिंबू, आवळा जरूर घ्या. गोळ्यांनी शौचास काळे होते, त्याला घाबरू नका. गोळ्या मुलांच्या हाती लागू देऊ नका. आणि पुरुषांना किंवा पाळी गेलेल्या स्त्रियांना लोह कमी पडले, तर रक्त कोठून जाते याचा शोध घ्यायलाच हवा.

त्या बाईंनी या खेपेस गोळ्या पुऱ्या केल्या. आता जिना चढून येतात, आणि धाप न लागता बोलतात!