नरनाळा किल्ला : तोफेपेक्षा पाण्याची टाकी महत्त्वाची का होती?

अकोला जिल्ह्यातल्या नरनाळा किल्ल्यावर गेलेले बहुतेक लोक दोन ठिकाणी फोटो काढतात : कोरीव महाकाली दरवाजा आणि प्रचंड नऊगजी तोफ. किल्ल्यावरचे तलाव आणि दगडी टाकी मात्र तशीच मागे राहतात. खरं तर किल्ला कसा चालायचा, हे या टाक्यांवरूनच कळतं.

किल्ला इथेच का?

अकोटच्या उत्तरेला सातपुडा सुरू होतो. डोंगराच्या दक्षिणेला पूर्णा नदीचं सुपीक खोरं, म्हणजे वऱ्हाड. पलीकडे खानदेश आणि माळवा. बहमनी काळात ही राज्याची उत्तर सरहद्द होती. म्हणून अहमदशहा बहमनीने १४२५ च्या सुमारास नरनाळा आणि आजच्या अमरावती जिल्ह्यातला गाविलगड हे दोन किल्ले भक्कम केले.

नरनाळा हा एकटा किल्ला नाही. पूर्वेला जाफराबाद आणि पश्चिमेला तेलियागड हे त्याचे जोडकिल्ले. अकबराच्या काळातल्या 'ऐन-ए-अकबरी'त नरनाळा हे वऱ्हाड सुभ्यातल्या एका 'सरकार'चं, म्हणजे साधारण आजच्या जिल्ह्यासारख्या विभागाचं, मुख्य ठाणं आहे.

साठा कशाचा?

वेढा पडला की खालच्या गावांतून येणारं धान्य बंद होतं. मग जे वर साठवलेलं असेल, त्यावरच दिवस काढायचे. त्यात सगळ्यात अवघड पाणी. धान्य बैलांच्या पाठीवर गडावर चढवता येतं; माणसं, घोडे आणि जनावरांना रोज पुरेल एवढं पाणी तसं चढवता येत नाही. ते पावसाळ्यातच अडवून ठेवावं लागतं.

नरनाळ्यावर म्हणूनच २२ तलाव असल्याची नोंद आहे. उतारावरचं पाणी सखल भागात आणून बांध घालून अडवलेलं. शक्कर तलाव त्यांतला सर्वांत परिचित.

शिवाय वरून दगडी छत असलेली, छोटी तोंडं ठेवलेली खोल टाकी आहेत. स्थानिक लोक त्यांना तेला-तुपाची टाकी म्हणतात. युद्धाच्या काळात तेल-तूप इथे साठवत, असं सांगितलं जातं. दिवे, मशाली आणि स्वयंपाक, सगळ्यालाच ते लागायचं. मूळ वापर पाण्याचा असला तरी रचना तितकीच शहाणपणाची आहे. छतामुळे ऊन लागत नाही, बाष्पीभवन कमी होतं, पालापाचोळा पडत नाही. वऱ्हाडातला मे महिना ज्यांनी काढलाय, त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

साठा असूनही किल्ले पडले का?

पडले. १५७४ मध्ये अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाने वेढा घालून नरनाळा घेतला आणि वऱ्हाडची इमादशाही संपली.

१८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने अडगावची लढाई जिंकली आणि मोर्चा गाविलगडाकडे वळवला. इंग्रजांनी डोंगरातून वाट काढत तोफा ओढून वर नेल्या आणि १५ डिसेंबरला गड घेतला. त्यांच्या सैन्याचं पोट मोठ्या प्रमाणात बंजाऱ्यांच्या तांड्यांवर चालत होतं. म्हणजे आतल्यांना कोठार लागायचं, तर बाहेरच्यांना चालतं-फिरतं कोठार. रसद दोघांनाही चुकली नाही.

पुढे सरहद्दच सरकली. वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं आणि डोंगरावरच्या ठाण्याची गरज संपली.

आज काय राखलं जातंय?

किल्ल्याचा परिसर आता नरनाळा अभयारण्य आहे आणि मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. शहानूर गावाकडून वनविभागाच्या परवानगीने वर जाता येतं. जंगलाच्या संरक्षणामुळे इथे घरं किंवा हॉटेलं उभी राहिली नाहीत. पण तेच जंगल भिंतींच्या सांध्यांत मुळंही घालतं. त्यामुळे झाडं आणि दगड दोन्ही जपणं ही इथली खरी कसरत आहे.

फौजेसाठी अडवलेलं पाणी आज वन्यप्राणी पितात. खाली मैदानात तर पाण्याचा प्रश्न अजून चालूच आहे. पूर्णेच्या दोन्ही बाजूंना खारपाणपट्टा पसरलेला आहे. विहिरीला पाणी लागतं, पण ते खारट. अकोट-तेल्हाऱ्याकडच्या ८४ खेडी योजनेला पाणी पुरवतं ते सातपुड्यातलं वान धरण. डोंगरावर पडलेला पाऊस अडवायचा आणि जपून वापरायचा, हा नरनाळ्याचा हिशेब इथे अजून लागू आहे.

तुम्ही गेलात तर

तोफेजवळ फोटो जरूर काढा. मग तलावांच्या कडेने चाला आणि पाणी कुठून येतं, कुठे अडतं ते बघा. टाक्यांत डोकावताना जपून. ती खोल आहेत. आणि त्यांत बाटली टाकू नका. ज्या टाक्यांच्या भरवशावर कधीकाळी अख्खा गड तगून राहायचा, त्या कचराकुंड्या होऊ नयेत.