भाताचे चार ढीग

पावसाळा सरला, की रायपूरच्या मैदानात भाताची कापणी सुरू होते. त्या सुमारास काही शेतांत पटवारी (महाराष्ट्रात यासच तलाठी म्हणतात) किंवा कृषिखात्याचा कर्मचारी दोरी, खुंट्या व तराजू घेऊन येतो. पाच मीटर लांब व पाच मीटर रुंद असा तुकडा आखून त्यातील भात कापला जातो, मळून तोलला जातो. असे ४०० तुकडे एका हेक्टरात मावतात. म्हणून वजनास ४०० ने गुणले, की हेक्टरी उत्पन्न कळते. हाच पीक-कापणी प्रयोग होय.

तुकडा कोठे आखावा, हे मात्र कर्मचाऱ्याच्या मर्जीवर नसते. शेत आणि शेतातील जागा चिठ्ठी टाकावी तशी यादृच्छिक संख्यांवरून ठरते. ही पद्धत देशात रुजविण्यात सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा मोठा वाटा होता. तुकडा फार लहान असला, तर कडेची रोपे नकळत आत ओढली जाऊन उत्पन्न फुगते, हे त्यांनी दाखवून दिले.

२०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत या तोलाला पैशाचे मोल आले. प्रमुख पिकासाठी प्रत्येक ग्रामपंचायतीत किमान चार प्रयोग करावयाचे असतात. अलीकडे उपग्रहचित्रांचीही जोड दिली जाते. सरासरी उत्पन्न ठरलेल्या उंबरठ्याखाली जितक्या प्रमाणात उतरेल, तितक्या प्रमाणात भरपाई मिळते.

समजा, एका गावचा उंबरठा हेक्टरी २,४०० किलो आणि विम्याची रक्कम हेक्टरी ४८,००० रुपये आहे. चार तुकड्यांत ५.१, ४.६, ५.४ व ४.९ किलो भात निघाला. सरासरी ५ किलो, म्हणजे हेक्टरी २,००० किलो. तूट एक षष्ठांश. भरपाई ८,००० रुपये. आता हे आकडे संगणकाच्या स्प्रेडशीटमध्ये भरताना ४.९ च्या जागी ९.४ पडले, तर सरासरी ६.१२५ किलो, म्हणजे हेक्टरी २,४५० किलो होते. साऱ्या गावाची भरपाई शून्य! स्प्रेडशीट तक्रार करीत नाही. तिला दिलेल्या आकड्यांची सरासरी तिने बिनचूकच काढलेली असते.

म्हणून एका सूत्रावर न थांबता शेजारच्या घरांत आणखी दोन सूत्रे लिहावीत. पहिले मध्यकाचे. आकडे चढत्या क्रमाने मांडून मधल्या दोहोंची सरासरी घेतली, की मध्यक मिळतो. तो ५ वरून ५.२५ वरच सरकतो. सरासरीइतका बहकत नाही. दुसरे प्रमाण विचलनाचे, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत याचे माप. ते सुमारे ०.३४ वरून २.२१ वर उडी घेते. चार आकड्यांत काही वेगळे घडले आहे, हे येथे उघड होते.

काय घडले, ते मात्र सूत्र सांगत नाही. कदाचित तीन तुकडे मटासी जमिनीत आणि चौथा कालव्याच्या पाण्यावरील कन्हार जमिनीत पडला असेल. तसे असल्यास ९.४ हा आकडा खरा आहे आणि तो गाळता येत नाही. त्यासाठी शेतावर भरलेला मूळ कागद काढून त्यावरील वजन पाहावे लागते.