खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयातील पट्टेदार डॅमसेल : काटकपणा आणि त्याच्या मर्यादा

प्रस्तावना :
घरगुती सागरी मत्स्यालय सुरू करणाऱ्यास पहिला मासा म्हणून बहुधा पट्टेदार डॅमसेल सुचविला जातो. तो स्वस्त, देखणा आणि काटक असतो. मात्र या काटकपणाचा चुकीचा अर्थ लावल्यामुळे मासा व पाळणारा या दोघांचेही नुकसान होते. प्रस्तुत लेखात याच मुद्द्याचा विचार केला आहे.

माशाची ओळख व अधिवास :
पोमासेंट्रिडी कुळातील या माशाचे शास्त्रीय नाव डॅसिलस अरुआनस असून लिनियसने १७५८ मध्ये त्याचे वर्णन केले. पांढऱ्या शरीरावरील तीन काळे उभे पट्टे ही त्याची ठळक खूण होय. पूर्ण वाढलेला मासा सुमारे ८ ते १० सेंटिमीटर लांब असतो. तांबड्या समुद्रापासून प्रशांत महासागरापर्यंत तो आढळतो; भारतात लक्षद्वीपच्या उथळ खाजणांत तो विपुल आहे. शाखायुक्त प्रवाळाच्या आश्रयाने तो समूहाने राहतो व धोका जाणवताच फांद्यांमध्ये शिरतो. समूहात आकारानुसार उतरंड असते. सर्वांत मोठा मासा सामान्यतः नर असतो. तो नाहीसा झाल्यास मोठ्या मादीचे नरात रूपांतर होऊ शकते. आपल्या जागेचे रक्षण हा त्याचा स्वभावच आहे.

नत्रचक्र आणि एक चुकीची प्रथा :
माशाचे उत्सर्जन व उरलेले अन्न यांपासून अमोनिया तयार होतो. विशिष्ट जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर तुलनेने कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेशा संख्येने वाढण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. समुद्राचे पाणी अल्कधर्मी असल्याने त्यात अमोनियाचा विषारी अंश वाढतो. त्यामुळे माशाच्या कल्ल्यांना इजा होते. असे असूनही, डॅमसेल हे सहन करतो म्हणून त्यालाच प्रथम सोडून टाकी 'तयार' करण्याची प्रथा रूढ झाली. वास्तविक सहन करणे म्हणजे इजा न होणे नव्हे. शिवाय जो मासा जगतो, तो संपूर्ण टाकीवर हक्क सांगतो व नंतर येणाऱ्या शांत माशांना चावून बेजार करतो.

योग्य पद्धत :
मासा न सोडताही नत्रचक्र सुरू करता येते. त्यासाठी शुद्ध अमोनियम क्लोराईड अल्प प्रमाणात घालून नियमित चाचणी करावी. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्यानंतर, पाण्याचा काही भाग बदलूनच मासे सोडावेत. एका माशासाठीही टाकी किमान १०० ते १२० लिटरची असावी. पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२३ ते १.०२५, तापमान २४ ते २८ अंश सेल्सिअस व सामू ८.१ ते ८.४ ठेवावा. बाष्पीभवनाने केवळ पाणी उडते, क्षार मागे राहतात. म्हणून रोजची घट क्षाररहित गोड्या पाण्यानेच भरून काढावी. दर पंधरवड्यास १० ते १५ टक्के पाणी बदलणे हितावह ठरते. लपण्यासाठी दगडांच्या कपारी रचाव्यात. समुद्रातील प्रवाळ मात्र आणू नयेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळांना संरक्षण आहे. आहारात बारीक गोळी खाद्य, आर्टेमिया व शैवाल यांचा समावेश असावा. मिश्र टाकीत डॅमसेल सर्वांत शेवटी सोडावा, म्हणजे इतर मासे आधीच स्थिरावलेले असतात.

समारोप :
डॅमसेलच्या काही जातींचे बंदिस्त प्रजनन भारतात केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेने साध्य केले आहे. अशा रीतीने वाढविलेले मासे उपलब्ध असल्यास त्यांनाच प्राधान्य द्यावे, कारण त्यामुळे प्रवाळ परिसरावरील भार कमी होतो. काटकपणा हा या माशाचा गुण आहे. त्याच्यावर प्रयोग करण्याचा तो परवाना नव्हे. आधी पाणी सिद्ध करावे आणि मगच मासा आणावा, हाच या संगोपनाचा पाया होय.